लातूरच्या आडत बाजारातून एआय एजंटपर्यंत: आमची वाटचाल

मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघा मित्रांनी गंजगोलाईजवळ गाळा घेतला. घरच्यांच्या मते धंद्याला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. कॉम्प्युटर दुरुस्ती, डीटीपी, जमेल तशा वेबसाइट. गिऱ्हाइकं म्हणजे आडते, डाळमिलवाले आणि कोचिंग क्लासेस. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, उधारी वसूल करायला मात्र शिकलो.

कलाटणी मिळाली ती एका डाळमिल मालकामुळे. तूर-हरभऱ्याचे भाव देणाऱ्या पाच-सहा वेबसाइट ते रोज बघायचे आणि संध्याकाळी त्यांचे फोटो आपल्या खरेदीदारांना व्हॉट्सअॅपवर टाकायचे. हे आपोआप होईल का, असं त्यांनी विचारलं. आकड्यांचा तक्ता देऊ म्हटलं, तर नको म्हणाले. आकडा कुणीही टाइप करतो, पान दिसलं की सौद्यात वाद होत नाही, हे त्यांचं गणित. वेबपानांचे फोटो आपोआप काढून द्यायच्या आमच्या पुढच्या सगळ्या धंद्याचं बी यातच होतं.

सुरुवात फँटमजेएसवर केली, म्हणजे पडद्यावर खिडकी न उघडता कोडने चालणाऱ्या ब्राउझरवर. २०१७ मध्ये क्रोमची ५९ वी आवृत्ती पडद्याविना चालायला लागली आणि फँटमजेएसचं काम पाहणाऱ्याने अंग काढून घेतलं. त्याच वर्षी गूगलच्या क्रोम टीमचं पपेटिअर हे कोडने क्रोम चालवणारं साधन आलं, आम्ही तिकडे गेलो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं तसंच साधन आलं, प्लेराइट. क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही ब्राउझर इंजिनं त्यात एकाच कोडने चालतात, म्हणून आज सगळं त्याच्यावर आहे. सेलेनियम त्या मानाने म्हातारं, २००४ चं. टेस्टिंगची कामं येतात तेव्हा अजून तेच वापरतो.

बाहेरच्यांना वाटतं, स्क्रीनशॉट म्हणजे एका ओळीचा कोड. ओळ एकच आहे, पण ती कधी चालवायची हे ठरवण्यात आमचं पोट भरतं. पान उघडलं असं ब्राउझर सांगतो तेव्हा तक्त्यात बहुधा फक्त गोल फिरणारं चक्र असतं. नेटवर्क शांत होईपर्यंत थांबा, असा पर्याय प्लेराइटमध्ये आहे, पण तो वापरू नका असं त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलंय. जाहिराती आणि मोजणीच्या स्क्रिप्ट असलेली पानं शांत होतच नाहीत. म्हणून प्रत्येक साइटसाठी आम्ही खूण ठरवतो: तक्त्यात आजची तारीख आली का, शेवटची ओळ भरली का, फाँट उतरले का. खाली सरकल्यावरच येणारे फोटो असतील तर आधी पान तळापर्यंत सरकवून आणायचं, नाहीतर लांबलचक फोटोत मधे पांढरे पट्टे.

तारखेचं एक नाटक वेगळंच. सर्व्हर युटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. वेळ ब्राउझरकडून घेणारं पान पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख दाखवतं. आता प्रत्येक ब्राउझरला आशिया/कोलकाता हा टाइमझोन आधी सांगतो. डॉकरमध्येही, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनातही, असंच. तिथे सामायिक मेमरी मुळात ६४ एमबी मिळते, जड पान आलं की क्रोम धाडकन बंद. ती वाढवून द्यावी लागते, किंवा क्रोमला दुसरी जागा वापरायला सांगावं लागतं.

मराठीचा त्रास मात्र पुण्या-बंगळुरूच्या मंडळींना माहीतच नव्हता, आणि तिथेच आम्हाला काम मिळालं. कोऱ्या लिनक्स सर्व्हरवर देवनागरी फाँट नसतो. फोटोत भावाऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग येते. नोटो सान्स देवनागरी टाकला की ते सुटतं. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामायिक पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमधली पानं मात्र चकवतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण पानाच्या पोटात रोमन अक्षरांचा नुसता कचरा असतो.

एआय एजंटांचं, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पायरी-पायरीने करणाऱ्या प्रोग्रामांचं, काम सुरू झाल्यावर ही गोष्ट कळीची ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने पडदा बघून माउस चालवणारं मॉडेल दाखवलं, नोव्हेंबरमध्ये एमसीपी ही मॉडेलला बाहेरची साधनं जोडायची सामायिक पद्धत आणली, आणि २०२५ मध्ये प्लेराइटचा एमसीपी सर्व्हरही आला. मग पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने विचारलं, आमच्या एजंटला पानांचे फोटो पुरवाल का?

प्रत्येक पायरीला फोटो देऊ नका, हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं. धंदा आमचा, तरी. बटण दाबायला, फॉर्म भरायला फोटो लागत नाही. आंधळ्या वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला ब्राउझर पानाचा जो आराखडा देतो, तोच मजकुरात एजंटला द्या. स्वस्त पडतो, नेम चुकत नाही. प्लेराइटचा एमसीपी सर्व्हरही मुळात तसाच चालतो. फोटो लागतो तो आलेख, नकाशे, स्कॅन केलेली परिपत्रकं आणि वर सांगितलेली जुन्या फाँटची पानं वाचताना. तिथे मजकूर खोटं बोलतो, चित्र खरं.

आणि चित्र द्यायचं तर वाचता येईल असं द्या. दहा हजार पिक्सेल लांबीचं पान एका फोटोत दिलं तर मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधी ते आकसतं. आधी अनुस्वार जातो, मग मात्रा, मग देवनागरी १ आणि ९ एकसारखे दिसायला लागतात. सोयाबीनच्या भावात हा फरक कुणाला परवडेल? म्हणून आम्ही पान पडद्याएवढ्या तुकड्यांत कापतो, तुकडे थोडे एकमेकांवर चढवतो म्हणजे ओळ मधे तुटत नाही, आणि मजकुराची पानं अक्षरांच्या कडा धूसर करणाऱ्या जेपेगऐवजी पीएनजीत ठेवतो.

काही कामं आम्ही घेत नाही. कॅप्चा फोडून द्या म्हणणारे दर महिन्याला भेटतात, विशेषतः टेंडरवाले; त्यांना चहा पाजून पाठवतो. दुसऱ्याच्या लॉगिनमागची पानं नाहीत. छोट्या संस्थांचे सर्व्हर अशक्त असतात, म्हणून एकच पान दहा गिऱ्हाइकांना हवं असेल तरी एकदाच उघडतो. एजंटसाठीचा ब्राउझर दरवेळी कोरा, कुठलंही खातं न उघडलेला. पानात लपवलेली ओळ एजंट हुकूम समजून पाळू शकतो. तसं झालंच तर त्याच्या हाती काही मौल्यवान नसावं.

वकील मंडळी सगळ्यात अलीकडची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यात हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावा लागतो. आम्ही डाळमिलच्या फोटोंसाठी पत्ता, वेळ आणि एसएचए-२५६ हॅश आधीपासूनच ठेवत होतो. छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात वकिली करणाऱ्या एकांनी ते पाहिलं आणि त्यांच्यामागून आणखी काही आले. प्रमाणपत्रावर सही आमची, म्हणून त्या फोटोंच्या वेळी मशीनसमोर माणूस बसवतो.

आज ऑफिसात आठ जण आहेत, बहुतेक लातूर-नांदेडच्या कॉलेजांतून शिकलेले. पुण्याचा पगार आम्ही देऊ शकत नाही, पण पुण्याचं घरभाडंही त्यांना भरावं लागत नाही. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, कारण इथल्या विजेवर रात्रीचं काम सोडता येत नाही. सध्या जालन्याच्या एका बियाणे कंपनीचं काम हातात आहे. विक्रेत्यांच्या साइटवर त्यांच्या वाणांचं वर्णन बरोबर छापलंय का, हे एजंटने तपासायचं आणि शंका आली तिथला फोटो माणसापुढे ठेवायचा. खरीपाच्या आधी द्यायचंय, आणि निम्म्या साइटवर वर्णन अजून जुन्याच फाँटमध्ये आहे.