विहिरी तीन दिवसांच्या अंतरावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात वाळवंटातलं कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रांची सलग गोष्ट, चालवायचं ठरल्यावर मी नकाशा बाजूला ठेवला आणि आधी पाण्याचे नियम वहीत उतरवून काढले. गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, उन्हाचं, वाळूचं कितीही वर्णन केलं तरी कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावर, पाणी फुकट असेल तर टेबलावर कुणालाच तहान लागत नाही. त्यामुळे सेटिंग आणि नियम मी एकाच बैठकीत ठरवतो.

मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची पाचवी आवृत्ती वापरली. तिच्यात माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाणी लागतं, कडक उन्हात दोन गॅलन. निम्मंच मिळालं तर १५ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (पात्राच्या तब्येतीच्या जोरावर फाशाने १५ गाठायचे), तो फसला तर थकव्याची एक पातळी. निम्म्याहूनही कमी मिळालं तर सेव्ह न करताच एक पातळी, आणि आधीपासून थकवा असेल तर एकदम दोन. सहाव्या पातळीला मृत्यू. पाण्याविना पहिल्या दिवसअखेर एक, दुसऱ्या तीन, तिसऱ्या पाच आणि चौथ्या दिवशी खेळ संपतो. नेहमीच्या चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणून विहिरींमधलं अंतर मी ७२ मैल धरलं.

इथपर्यंत सगळं कागदावर छान दिसतं. मग क्लेरिक आणि ड्रुइड या जादू करणाऱ्या वर्गांची स्पेलयादी, म्हणजे मंत्रांची यादी, उघडायची. पाणी निर्माण करणारा पहिल्या लेव्हलचा स्पेल एका स्लॉटमध्ये (जादू वापरायच्या मोजक्या संधींपैकी एक) दहा गॅलन देतो, म्हणजे भर उन्हात पाच जणांचा दिवस. स्लॉट रोज रात्री परत येतात. चार जणांच्या पार्टीसाठी वाळवंट तिथेच संपलं.

पहिला मोह होतो स्पेलवर बंदी घालण्याचा. मी तो टाळला. बंदीमुळे खेळाडूच्या हातातली एक खरी निवड जाते, आणि त्यापाठोपाठ दुसरा स्पेल, तिसरा स्पेल असं करत यादीच फाडावी लागते. अडचण स्पेलमध्ये नव्हतीच, ती रोजच्या भरपाईत होती. मूळ हिशेब दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकींचा आहे, आणि प्रवासात दिवसाला जेमतेम एक होते. मग जादूगार सगळे स्लॉट त्या एकाच लढाईत ओतून मोकळा होतो.

गेममास्टरच्या पुस्तकात ‘ग्रिटी रिॲलिझम’ नावाचा पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, आठ तासांची, आणि लाँग रेस्ट, म्हणजे स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती, सात दिवसांची. तो लावला आणि जग आपोआप उलगडायला लागलं. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट असतात. तीन दिवसांच्या वाटेवर रोज पाणी काढलं तर जखमांसाठी एकच उरतो. शिवाय स्पेलला उघडं भांडं लागतं आणि बादलीत तीनच गॅलन मावतात. भांड्यापलीकडचं पाणी वाळूत जाईल, हे मी आधीच सांगून ठेवलं. आता सात दिवस विश्रांती घ्यायची तर माणशी १४ गॅलन, चौघांना ५६. एवढं पाणी कुणी वाहून नेत नाही, त्यामुळे लाँग रेस्ट फक्त विहिरीवरच होऊ शकते. विहीर ज्याच्या ताब्यात, जादूही त्याच्याच ताब्यात. विहिरीवरचं देऊळ, तिथे सात दिवस राहण्याचा मोबदला, रांगेत आधी कोण, हे सगळं या एका नियमातून निघालं. मला वेगळा राजकीय इतिहास लिहावाच लागला नाही.

पण हा नियम जसाच्या तसा बसत नाही. विझार्ड या जादूगार वर्गाची आर्केन रिकव्हरी, म्हणजे काही स्लॉट परत मिळवायची क्षमता, दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर चालते. शॉर्ट रेस्ट रात्रीची झाली की ती रोज सकाळी मिळते आणि क्लेरिक बिचारा आठवडाभर थांबतो. मी ती लाँग रेस्टमागे एकदाच ठेवली. वॉरलॉकचे स्लॉटही रोज परत येतात. ते मी बदललं नाही, कारण त्याच्याकडे मुळात दोन-तीनच असतात, पण हा वर्ग इथे वरचढ ठरतो हे खेळाडूंना आधी कळायला हवं. मेज आर्मरसारखे (जादूचं चिलखत) आठ तासांचे स्पेल एका दिवसातच विझतात, म्हणून त्यांची मुदत तीन दिवस केली, एका विहिरीपासून दुसरीपर्यंत.

सगळ्यात धोकादायक भाग थकव्याचा. मूळ नियमात लाँग रेस्टला एकच पातळी उतरते. सात दिवसांच्या विश्रांतीने तीन पातळ्या उतरवायला तीन आठवडे जातात. त्यात दुसऱ्या पातळीला वेग निम्मा होतो, तो मी प्रवासालाही लावला, म्हणजे २४ मैलांचे १२, आणि विहीर आणखी लांब जाते. हा भोवरा वाटेवर असू दे, तिथे तो शोभतो. विहिरीवर मात्र पोटभर अन्नपाणी मिळालं तर रोज रात्री एक पातळी उतरेल असं मी ठरवलं.

वजनाशिवाय हे सगळं व्यर्थ आहे. भरलेली पखाल पाच पाउंडांची आणि तिच्यात अर्धा गॅलन. उन्हात माणशी दिवसाला चार पखाली, २० पाउंड. तीन दिवसांचे ६०. वजनाच्या पर्यायी नियमानुसार स्ट्रेंग्थच्या, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या, पाचपटीपुढे वजन गेलं की वेग दहा फुटांनी घटतो. स्ट्रेंग्थ १० असलेल्याची मर्यादा ५० पाउंड, म्हणजे तो नुसत्या पाण्यानेच वाकला. स्ट्रेंग्थ १६ च्या फायटरची ८०, पण चेन मेल हे साखळ्यांचं चिलखतच ५५ पाउंडांचं. प्रवासाची चाल मूळ नियमात वेगाशी बांधलेली नाही. मी एक ओळ जोडली: एक जण जरी ओझ्याने मंदावला तरी पार्टी दिवसाला १८ मैलच जाते. मग तेच ७२ मैल चार दिवसांचे होतात आणि तीन दिवसांचं पाणी पुरत नाही. चिलखत ठेवायचं की पाणी, यावर टेबलावर खरी चर्चा सुरू होते.

उत्तर म्हणून खेळाडू उंट घेतात. उंट ४८० पाउंड वाहतो. मोठ्या आकाराच्या प्राण्याला दिवसाला चार गॅलन, उन्हात आठ, म्हणजे ८० पाउंड. तीन दिवसांचे २४० त्याचे स्वतःचे. उरलेल्या २४० मध्ये चौघांचं तीन दिवसांचं पाणी नेमकं बसतं. धान्य नाही, तंबू नाही, सापडलेला खजिना नाही. खरा उंट पाण्याविना बरेच दिवस काढतो हे मला ठाऊक आहे, तरी पुस्तकातला आकडा मी तसाच ठेवला. इतका घट्ट हिशेब मुद्दाम रचूनही जमला नसता.

कॅरेक्टर बनवण्याआधी हे सगळं एका पानावर खेळाडूंना द्यायचं. रेंजर हा वर्ग किंवा आउटलँडर ही पार्श्वभूमी घेणाऱ्यांना वेगळं सांगायचं की त्यांची अन्नपाणी शोधायची क्षमता जमिनीत काही असेल तरच चालते, आणि दोन विहिरींमधल्या वाळूत काही नाही. गुडबेरी या स्पेलची दहा फळं अन्न म्हणून धरायची, पाणी म्हणून नाही. हा वाद पहिल्या सत्राआधीच मिटवलेला बरा, कारण वाटेत निघाला तर कुणाचं तरी कॅरेक्टर त्यावर जगतं किंवा मरतं.

नकाशा सगळ्यात शेवटी काढला. मुख्य वाटेवर ७२ मैलांच्या विहिरी, आणि एक आडवाट ९६ मैलांची, जिच्यावर पहारा नाही.