परकराच्या नाडीखाली

सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यातली आमची ओपीडी म्हणजे नुसता ताप. त्यातच पंचेचाळिशीच्या एक बाई खाटेवरून आल्या. तापाचा सहावा दिवस, श्वास मिनिटाला २८, हाक मारली तर डोळे उघडत आणि पुन्हा मिटत. तालुक्याला दोन दिवस सलाइन लावून झालं होतं, चिठ्ठीवर ‘व्हायरल’. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह, प्लेटलेट ७२ हजार.

"कालपासून भाताले हात नाही लावला जी," नवरा सांगत होता. धुऱ्यावरचं गवत कापायला त्या रोज जात.

गवत म्हटल्यावर मी स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या किड्याच्या चाव्यानं येणाऱ्या तापाची, खूण शोधू लागलो. २०१८ मध्ये नागपूरकडे त्याची साथ आली, तेव्हापासून सवय आहे. हात, मान, पाठ, कानामागे, कुठंच काही नाही. मी रेफरची चिठ्ठी लिहायला बसलो.

सिस्टरनं पडदा ओढला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि बाईंच्या परकराची गाठ सैल केली. "सर, इकडं या."

कमरेवर, नाडीच्या वळाखाली, वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडं. बिडीचा चटका बसावा तशी. गवतातल्या बारीक किड्याची अळी कपडा घट्ट बसतो तिथं किंवा काखेत, जांघेत चावते. ती जागा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट कधीच सांगत नाही.

डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा १०० मिलिग्रॅमचा पहिला डोस तिथंच दिला, मग १०८ बोलावली. चिठ्ठीवर खपलीची जागा मोठ्या अक्षरात लिहिली. पुढच्या डॉक्टरांना फोन करून विनवलं, रिपोर्टची वाट पाहू नका, निगेटिव्ह आला तरी गोळी थांबवू नका. आयजीएम, म्हणजे या आजाराविरुद्ध शरीर बनवतं ती अँटिबॉडी, पहिल्या दिवसांत रक्तात सापडेलच असं नाही. त्यात ती शोधणाऱ्या एलायझा तपासणीची प्लेट भरेपर्यंत नमुने साठवून ठेवतात. जीव वाचवणारी गोळी काही रुपयांची, आमच्याच कपाटातली, आणि माणसं कागदासाठी थांबतात, याचा मला फार राग येतो.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. रिपोर्ट पाचव्या दिवशी आला, पॉझिटिव्ह.

ऑगस्टमध्ये अशाच एक आजी आल्या होत्या. आठवडाभराचा ताप, कमी प्लेटलेट. मी त्यांना पुढं पाठवलं, त्या शहरात गेल्या. कागदावर ‘डेंग्यूसदृश’ लिहून आलं. पाठ मी तपासली होती. परकराची गाठ सैल करायला सिस्टरला सांगितलं नव्हतं.