ससून डॉकला जाण्याआधी कॅलेंडर बघा

"गुरुवारी या," असं लालबागच्या वन्सं फोनवर म्हणाल्या तेव्हा मी गडबडलेच. आमच्या नाशिकच्या घरात सोमवार, गुरुवार, शनिवारी मासळीचं नाव निघत नाही. "अगं म्हणूनच. अर्धी मुंबई तेच वार पाळते. रविवारी गेलीस तर पाय ठेवायला जागा नाही आणि भाव करायची सोय नाही." सासूबाईंना वार सांगितला नाही.

पहाटे पाचला टॅक्सीने कुलाब्याला पोचलो. ससून डॉक १८७५ सालचा, अल्बर्ट ससूनने कापसाच्या व्यापारासाठी बांधलेला. आता तिथे बोटीतून धक्क्यावर पाट्या नुसत्या उडत असतात, फेकणाऱ्याचं आणि झेलणाऱ्याचं एकमेकांकडे लक्षही नसतं. लिलाव सुरू असताना मध्ये उभं राहू नका; बर्फाची गाडी थांबत नाही, अंगावर येते. रबरी चपला घाला, साडी-ओढणी आवरून घ्या. माझे नवे सँडल त्याच दिवशी बाद झाले. फोटोला हरकत घेतात, मोबाइल पर्समध्येच बरा.

लिलावात माल घाऊक जातो, आपल्या कामाचा नाही. कडेला वाटे लावून बसलेल्या कोळणींकडे जायचं. कल्ले उचलून लालभडक आहेत का पाहायचे, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. मी सवयीने पापलेटाकडे वळले, तर वन्संनी कोपर मारलं. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, आणि तळहाताएवढी पिल्लंही सर्रास विकायला असतात. ती घेऊ नका. ती वाढायच्या आतच संपवली तर पुढच्या वर्षी मोठं कुठून येणार?

आम्ही बोंबील आणि मांदेली घेतली. बोंबलाचं गणित वन्संकडून कळलं. समुद्रात खुंट ठोकून डोल जाळं लावतात, भरती-ओहोटीचं पाणी मासा आत लोटतं. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोंबील भरपूर, अष्टमीच्या सुमारास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर ओसरतो तेव्हा, कमी. म्हणून वन्सं बाजाराला निघताना वार आणि तिथी दोन्ही बघतात! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा येऊच नका. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात, त्यानंतरचे महिने उत्तम.

वन्संच्या घरी बोंबील चिरून पाट्याखाली दाबून पाणी काढलं, रव्यात घोळवून तळले. त्यांच्यापुढे आदल्या रात्रीचं हॉटेल काहीच नव्हतं. तिथे मेनूवर पापलेटापुढे 'साइजप्रमाणे' लिहिलेलं. आम्ही न विचारता मागवलं, आणि बिल आल्यावर ह्यांनी दोनदा चष्मा पुसला. मासा आधी दाखवायला सांगा, भाव विचारा, मगच हो म्हणा.

संध्याकाळी माहीमच्या रेतीबंदरावर गेलो. तिथे कोळी बायकांच्या बचत गटांनी सीफूड प्लाझा चालवला आहे. वाळूत टेबलं, समोर सी-लिंक. खेकड्याचा रस्सा आणि तांदळाची भाकरी घ्या. रस्सा झणझणीत, पोरांसाठी सोलकढी आधीच मागवून ठेवा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचलात तर जागा मिळते.

पलीकडे वरळी कोळीवाडा दिसतो. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटरच अंतर ठेवलं होतं. लाटांत होड्या खांबांवर आपटतील म्हणून तिथले कोळी अडून बसले, आणि शेवटी ते १२० मीटर करावं लागलं. वाढणाऱ्या मावशींना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "रस्ता पायजेच गो, पन होडीला पन वाट नको का?" आणि माझ्या ताटात आणखी एक नांगी टाकली.

परतताना वन्संच्या ओळखीच्या कोळणीकडून सुके बोंबील घेतले. तीन पिशव्यांत गुंडाळा, तरी गाडीत शेजारचे वळून बघतातच.

घरी सासूबाईंनी पिशवी उघडली, एक बोंबील हातात घेऊन मोडून पाहिला. "चांगले वाळलेत. कुठल्या वारी घेतलेस?"

मी म्हटलं, शुक्रवारी.