तेलाची पिशवी आणि कळसूबाई

श्रावणी सोमवार, रात्री

आजचा उपवास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी दाण्याचा लाडू नि बटाट्याचे वेफर्स, आणि संध्याकाळी सोडायला वरण-भात, वर तूप, शिवाय गोडाचं. एकादशी दुप्पट खाशी, तशातला प्रकार. तेव्हा उद्या वजनकाट्यावर उभं राहायचं नाही, हे आत्ताच ठरवलंय. खारट आणि पिष्टमय जास्त झालं की अंगात पाणी धरतं, काटा किलोभर वर जातो नि दोन-तीन दिवसांत आपला आपण खाली येतो. त्या पाण्यापायी मंगळवार कशाला नासवायचा?

डॉक्टरांनी आकडा दिलाय तो ८२ वरून ७६ चा. लग्नातल्या वजनाचं नाव काढू नका म्हणाले. पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो, आधी तेवढं करा. पटलं. पण ७६ हा आकडा मला उद्या सकाळी काय करायचं ते सांगत नाही. शिवाय तो माझ्या हातातही नाही. माझ्या हातात आहे ते चालणं, झोपणं आणि फोडणी.

म्हणून मोठं ध्येय म्हणून मी कळसूबाई धरलीय. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि आम्हा नाशिककरांना घोटीवरून बारी गावापर्यंत सकाळच्या चहाच्या आत पोचता येतं. कॉलेजात असताना गेले होते. वाटेत कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत. तिथे मागच्या माणसांची रांग अडवून धापा टाकत उभं राहायचं नाही, एवढंच माझं ध्येय. आत्ता पावसात निसरडं, नवरात्रात जत्रेची गर्दी. त्यामुळे दसरा झाला की दिवाळीच्या आधी.

आणि छोटी ध्येयं इतकी छोटी हवीत, की पाहुणे असोत, माहेरी गेलेली असो, नाहीतर ऑफिसात मार्चअखेर असो, जमलीच पाहिजेत. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती किमान दीडशे मिनिटं त्यात भरतात. दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा असंही ती म्हणते. जिमचे पैसे भरून गणपतीपर्यंत दांडी मारणाऱ्यांच्या कथा आमच्या सोसायटीत भरपूर आहेत. मी आपली कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हात न टेकता खुर्चीवरून ऊठबस करते. चढताना दम लागतो हे खरं, पण उतरताना जीव जातो तो गुडघ्यांचा आणि मांड्यांचा.

सगळ्यांत आवडतं ध्येय मात्र तेलाच्या पिशवीचं. नवी पिशवी फोडली की मार्करने तिच्यावर तारीख घालते. लिटरभर तेलात आठ हजारांच्या वर उष्मांक असतात, आणि अंगावरची किलोभर चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे. हा हिशेब कळल्यापासून बरणीतून थेट कढईत ओतणं बंद झालं, डाव आला. घरात कोणाला सांगितलं नाही. भरली वांगी तेवढ्याच चवीने संपली. फक्त चिरंजीव 'तर्री कुठेय' म्हणाले. मागच्या पिशवीपेक्षा ही पाच दिवस जास्त टिकलीय, आणि तळाशी अजून आहे.

कंबरही मोजते, पण महिन्यातून एकदाच, पंजाबी ड्रेसच्या मापाची टेप घेऊन. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. मी तिथून बरीच लांब आहे, त्यामुळे आज त्यावर जास्त लिहीत नाही.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. नेहमीचा प्रश्न, "किती उतरलं गं?" म्हटलं, पिशवी पाच दिवस जास्त चालली. त्यांना वाटलं मी महागाईबद्दल बोलतेय. मग कळसूबाईचं सांगितलं, तर लगेच, "मी पण येणार! गाडी कुठपर्यंत जाते?"

बारीपर्यंत जाते म्हटलं, पुढे आपले पाय. त्याआधी उद्यापासून माझ्याबरोबर ट्रॅकवर या. साडेसहाला गेटपाशी येते म्हणाल्यात. पाऊस नसेल तर, हेही म्हणाल्यात.