गंज बघायला बंदरावर जायचं

वेदरिंग, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या मॉडेलांवर गंज, ओघळ, उडालेला रंग अशा वापराच्या खुणा रंगवणं, शिकायचं म्हटलं की बहुतेक जण दुसऱ्यांची मॉडेलं बघतात. कोणीतरी एका टँकवर गंज काढलेला असतो, तो बघून दुसरा काढतो, त्याचा बघून तिसरा, आणि दरवेळी नारिंगी थोडा वाढतो, ओघळ थोडे लांब होतात, आणि शेवटी अशी बोट तयार होते की ती खरी असती तर बंदरातून बाहेरच पडली नसती. मला हे अजिबात पटत नाही. रत्नागिरीत राहून तर नाहीच नाही, कारण इथे खिडकीच्या गजापासून गेटच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खारा वारा लागतो आणि गंज कसा चढतो हे बघायला घराबाहेर पडलं तरी पुरतं.

सध्या टेबलावर आहे ती १/७२ मधली, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, फ्लॉवर क्लास कॉर्व्हेट, एक छोटी युद्धनौका. मूळ मॅचबॉक्स या मॉडेल कंपनीचा जुना साचा, नंतर रेव्हेल या दुसऱ्या कंपनीच्या खोक्यात आला. खरी बोट साधारण ६२ मीटर, म्हणजे मॉडेल जवळजवळ ८७ सेंटिमीटर, माझं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलंय. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडून ब्रिटनला सामान नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांची राखण करायला ह्या बोटी घाईघाईत बांधल्या, डिझाइन देवमासे पकडणाऱ्या बोटीवरून घेतलं, कारण तसली बोट छोट्या गोदीतही बांधता येत होती. ब्रिटिश बोटींना नावं फुलांची. यातल्या काही पुढे रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या, आसाम, गोंडवाना अशी नावं घेऊन, आणि हे आपल्याकडे फार जणांना माहीतच नसतं. मला मात्र ही बोट हवी होती तिच्या रंगासाठी. वेस्टर्न ॲप्रोचेस नावाची रंगसंगती आहे, पांढऱ्यावर फिकट निळे आणि फिकट हिरवे पट्टे, पीटर स्कॉट या पक्ष्यांच्या चित्रकाराने युद्धात नौदलात असताना काढलेली, उत्तरेच्या ढगाळ उजेडात बोट लांबून दिसू नये म्हणून. पांढऱ्या रंगावर गंज लपत नाही. आणि ताफ्याबरोबर आठवडेच्या आठवडे समुद्रात असणाऱ्या बोटीला खरवडून रंग मारायला फुरसत कुठून मिळणार, त्यामुळे जुन्या फोटोंमध्ये ह्या बोटींच्या अंगावर ओघळ स्पष्ट दिसतात. फोटो काळेपांढरे, मग रंग कुठून आणायचा? तर बंदरावरून.

माझ्याकडे अभ्यासाला दोन जागा आहेत आणि दोन्ही एकमेकींपासून लांब नाहीत. एक मिऱ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिलं. लोक सेल्फी काढायला जायचे, मी कॅमेरा घेऊन प्रत्येक पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर जायचे, एकाच जागी उभं राहून तोच कोपरा टिपायचा. एखादं पोलादी जहाज माणसाने सोडून दिल्यावर समुद्र त्याचं काय करतो हे इतकं जवळून, इतकं सावकाश बघायला मिळणं म्हणजे आमच्यासारख्यांना खजिनाच. आधी कडा जातात, कारण कडेवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो. मग वेल्डच्या रेघा उठून दिसायला लागतात. मग रंगाखाली गंज फुगतो, पोपडे सुटतात, पोपड्याच्या मागे ताजा नारिंगी, आणि तोच नारिंगी पुढच्या पावसापर्यंत गडद तपकिरी, मग जवळजवळ काळपट जांभळा. म्हणजे एकाच पत्र्यावर चार-पाच वेगवेगळ्या वयाचे गंज एका वेळी असतात. बाटलीवर ‘रस्ट’ लिहिलेला एकच रंग सगळीकडे फासला की ते खोटं दिसतं ते याच कारणाने.

दुसरी जागा मिरकरवाडा, रत्नागिरीचं मासेमारी बंदर. आणि खरं सांगायचं तर माझ्या कॉर्व्हेटसाठी मिऱ्यापेक्षा मिरकरवाडा जास्त कामाचा, कारण तिथल्या बोटी चालत्या आहेत. सोडलेलं जहाज आणि कामावरची बोट यांचा गंज वेगळा असतो आणि बहुतेक मॉडेलं फसतात ती इथेच. कामावरच्या बोटीवर समुद्र एकीकडून गंज चढवतो आणि दुसरीकडून माणूस ब्रश घेऊन बसलेला असतो. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारलेल्या, आणि मग नारळी पौर्णिमेच्या आसपास घासून पुसून नवा रंग. ऑगस्टमध्ये तीच बोट चकाचक असते आणि मे महिन्यात तिच्याकडे बघवत नाही. मग मधल्या महिन्यांत काय होतं ते बघायचं! डिसेंबरला खिळ्या-बोल्टांच्या खाली बारीक तपकिरी रेघा सुरू होतात, बोट लाकडाची असो की फायबरची, लोखंड जिथे जिथे आहे तिथून ओघळ येतोच. मार्चपर्यंत उन्हाने निळा रंग खडूसारखा पांढुरका पडलेला. जिथे दोर घासतो तिथे रंग पार गेलेला, आणि त्याच्या खाली गेल्या वर्षीचा हिरवा, त्याच्याही खाली त्याच्या आधीचा लाल. मध्येच कुठे गंज वाढलाय म्हणून कोणीतरी उरलेल्या डब्यातला रंग मारलेला चौकोनी ठिगळ, मूळ रंगाशी न जुळणारा. हे ठिगळ मॉडेलवर काढलं की बोट एकदम जिवंत होते. माझ्या मते दहा ओघळांपेक्षा एक ठिगळ जास्त सांगतो, कारण त्यात माणूस दिसतो.

जेटीवर मी फोटो काढत असताना एका तांडेल काकांनी, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, विचारलं होतं, “काय गो बाय, येवडा काय बगतंस?” मी म्हटलं काका, गंज बघतेय, खेळण्यातल्या बोटीवर काढायचाय. ते हसले नाहीत. विंचजवळ घेऊन गेले आणि दाखवलं की ड्रमवर जिथे वायर रोज फिरते तिथे लोखंड चकचकीत, बाजूला जिथे कधीतरी हात लागतो तिथे नारिंगी, आणि खाली कोपऱ्यात जिथे पाणी साचून राहतं तिथे काळा, थर निघतील असा गंज. एकाच यंत्रावर तिन्ही. ट्रॉलच्या जाळ्याला लावतात त्या बोर्डांच्या खालच्या लोखंडी पट्ट्या तर समुद्राच्या तळाला घासून घासून आरशासारख्या होतात, बोर्ड महिनाभर जेटीवर पडून राहिला की त्याच पट्ट्या नारिंगी. आता मी कॉर्व्हेटच्या विंचवर हेच करतेय, आधी काळपट तपकिरी, मग कोपरे सोडून फिकट नारिंगी स्पंजने, आणि जिथे साखळी फिरते तिथे ग्राफाइट पेन्सिल बोटाने घासून.

जेटीचे लोखंडी खांब असतील तर तेही बघा. सर्वात जास्त खाल्लेला पट्टा भरतीच्या रेषेच्या जरा वर असतो, जिथे लाटेचे शिंतोडे उडतात, कारण तिथे मीठ, पाणी आणि हवा तिन्ही आलटून पालटून मिळतात. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला प्राणवायू कमी, तिथे गंज सावकाश. म्हणून बोटीच्या पाणरेषेच्या वरचा हातभर पट्टा, नांगराच्या साखळीच्या भोकाखालची जागा आणि डेकवरचं पाणी बाहेर पडतं त्या भोकांखालची जागा, गंजाला पहिला मान यांचा. कॉर्व्हेटचे पत्रे रिव्हेट मारलेले, त्यामुळे तिथे पत्र्यावर पत्रा चढतो ती जोडरेघ पण धरायची.

आता हिशोब, कारण हिशोब न करता वेदरिंग करू नये असं माझं ठाम मत आहे. १/३५ च्या टँकवर १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटिमीटरचा, चालेल. तोच १ मिलिमीटर १/७२ वर सव्वासात सेंटिमीटर, जरा जपून. आणि १/७०० च्या जहाजावर तोच टवका म्हणजे ७० सेंटिमीटरचं भगदाड! १९७१ पासून जपानी कंपन्यांनी मिळून काढलेली ती वॉटरलाइन सिरीज १/७०० चीच, त्या जहाजांवर लोक जाड ब्रशने ओघळ ओढतात तेव्हा तो खऱ्यात तीन मजली इमारतीएवढा होतो. छोट्या स्केलला टवके काढूच नयेत, नुसता तेलरंगाचा फिल्टर, म्हणजे सगळीकडे फिरवलेला अगदी पातळ थर, पुरतो.

ओघळांची माझी पद्धत अशी. अ‍ॅक्रिलिक बेस कोट, त्यावर ग्लॉस व्हार्निश, पूर्ण सुकू द्यायचं. मग आर्टिस्टचे तेलरंग, बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर, पुठ्ठ्यावर काढून ठेवायचे, पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो त्यामुळे रंग मॅट सुकतो आणि लवकर सुकतो. सुईच्या टोकाएवढा ठिपका बोल्टखाली ठेवायचा, सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसायचा आणि वरून खाली एकाच दिशेने ओढायचा. परत परत ओढलं की ओघळ पुसट होत जातो, नको असेल तर सगळा पुसूनही टाकता येतो, टर्पेंटाइनमुळे खालचा अ‍ॅक्रिलिक हलत नाही. घाई करायची नाही. एक बाजू झाली की मी ती रात्रभर तशीच ठेवते आणि सकाळच्या उजेडात परत बघते, ट्यूबलाइटखाली नारिंगी नेहमी कमी वाटतो.

इथल्या हवेचं वेगळं लिहायला पाहिजे कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. रंग उडालेला दाखवायला मिठाची युक्ती प्रसिद्ध आहे, गंजाचा रंग मारून त्यावर ओलं मीठ टाकायचं, सुकलं की वरचा रंग फवारायचा आणि मग मीठ खरवडून काढायचं. सुंदर दिसतं. पण हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकडा त्याच्या बराच वर. म्हणजे ही युक्ती कोकणात थंडीतल्या कोरड्या दुपारीच करायची, पावसाळ्यात स्पंज. लॅकर व्हार्निशचंही तसंच, फवारल्यावर थिनर उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळी बोट पांढुरकी धुरकट होते. मी पावसात लॅकर उघडतच नाही. कॉम्प्रेसरचा पाणी पकडणारा फिल्टर सत्र चालू असताना मध्येच रिकामा करावा लागतो, नाहीतर एअरब्रशमधून रंगाबरोबर पाण्याचा थेंब. डिकल्स, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. पिवळ्या पडलेल्या डिकल्सची शीट पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवली की काही दिवसांत पिवळेपणा बराच जातो, एवढं एक ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

आणि पिगमेंट, गंज-धूळ दाखवायची कोरडी रंगपूड! छोट्या बाटलीचे शेकड्यांत पैसे घेतात, आत मुख्यतः आयर्न ऑक्साइडची पूड. आपला जांभा लाल कशामुळे? त्याच आयर्न ऑक्साइडमुळे. चिऱ्याची भुकटी घेऊन खलबत्त्यात बारीक करायची, मलमलच्या कापडातून दोनदा गाळायची, मग पाण्यात ढवळून जड कण खाली बसू द्यायचे आणि वरचं गढूळ पाणी वेगळं काढून सुकवायचं. जे हाती येतं ते १/३५ ला अगदी योग्य, कोरड्या ब्रशने लावून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने बसवायचं. वेगवेगळ्या खाणींचा जांभा वेगवेगळ्या छटा देतो, पिवळट, विटकरी, काळपट, मी गावांची नावं लिहून डब्या ठेवल्यात. कॉर्व्हेटच्या साखळीच्या पेटीत जो गंज आहे तो असाच जांभ्याचा.

कॉर्व्हेटचं रेलिंग आणि दोरखंड राहिलेत, ते झाले की पुढचं काम ठरलंय. कोकणातल्या ट्रॉलरचा किट कुठलीच कंपनी काढत नाही, तेव्हा प्लॅस्टिकच्या शीटमधून स्वतःच बांधायचा, १/७२ लाच, १५ मीटरची बोट म्हणजे २१ सेंटिमीटर, कॉर्व्हेटच्या शेजारी ठेवता येईल. इथले सुतार बोट बऱ्याचदा नजरेनेच बांधतात, ड्रॉइंग मिळणं अवघड, म्हणून जूनमध्ये बोटी वर ओढल्या की टेप घेऊन मापं घ्यायची आहेत, नाळेचा (पुढच्या टोकाचा) बाक, पठाणाची (तळाच्या कण्याची) लांबी, केबिनची उंची, विंच कुठे बसतो, तांडेल काका हो म्हणालेत. कोणाकडे लाकडी ट्रॉलरच्या आडव्या छेदांची रेखाटनं असतील, अगदी वहीतली हाताने काढलेली सुद्धा, तर मला जरूर कळवा.