पाऊणकीचं गणित आणि खाडीतली भरतीपट्टी

तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब, म्हणजेच पाऊणकी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता. हा हिशेब भरतीपट्टीवर, म्हणजे पाण्याची उंची मोजायच्या आकड्यांच्या पट्टीवर, तपासायचं काम आता मार्गी लागलंय.

पट्टी जेट्टीच्या खांबाला बांधली आहे. लाटांमुळे नुसत्या पट्टीवर आकडा ठरत नाही, म्हणून शेजारी 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा केलाय. त्याचा तळ बंद, तळाजवळ एकच 10 मिलिमीटरचं भोक, आत तरंगता ठोकळा आणि वरच्या टोपणाला हवेसाठी छिद्र. भोक पाइपच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाचं असावं. मोठं ठेवलं तर लाटा आत येतात. गाळ-शिंपल्यांनी बुजलं तर आतलं पाणी मागे राहतं, भरती उशिरा आणि बुटकी दिसते. म्हणून दर उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या) ओहोटीला भोक तारेने साफ करायचं. पाइपचा तळ सर्वांत खालच्या ओहोटीखाली हवाच, नाहीतर नोंदींचा आलेख खालून सपाट कापला जातो.

शिखराची वेळ डोळ्यांनी पकडू नका, तिथे पाणी बराच वेळ थबकतं. शिखराच्या 10 सेंटीमीटर खालची खूण चढताना आणि उतरताना कधी ओलांडली ते लिहा आणि मध्य काढा. 11:05 आणि 12:45, तर भरती 11:55. खूण फार खाली घेतली तर खाडीतली ओहोटी रेंगाळते आणि मध्य सरकतो.

आता पाऊणकी. चंद्र 30 तिथींत सूर्याच्या मानाने पूर्ण फेरी मारतो, म्हणजे भरती दर तिथीला सरासरी 48 मिनिटांनी पुढे जाते. पाऊणकी 45 धरते. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटं साठून पाऊण तासाची तूट. पाऊणऐवजी 0.8 घ्या, पंधराव्या तिथीला बरोबर 12 येतात. शिवाय प्रत्येक बंदरासाठी वेळेतली दुरुस्ती वेगळी. दक्षिण कोकणात भरती मुंबईच्या आधी येते.

तेवढ्याने भागत नाही. सूर्याच्या ओढीची भरती मध्ये येते: उधाणात रोजचा उशीर 35 मिनिटांच्या आसपास, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) 80 पर्यंत. उधाणही पौर्णिमा-अमावास्येनंतर दीड-दोन दिवसांनी शिगेला जातं. त्यामुळे षष्ठी-सप्तमीला भरती सरासरीच्या आधी येते, त्रयोदशीला मागाहून. फरक पाऊण तासापर्यंत जाऊ शकतो. पंचांगातली उदयतिथी (सूर्योदयाला असलेली तिथी) न घेता तिथीचा झालेला अंश घ्या, नाहीतर आणखी अर्धा तास इकडेतिकडे.

उंचीच्या नोंदीसोबत हवेचा दाबही लिहा. एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर चढतं. पावसाळ्यातल्या खाडीच्या उंच्या या तुलनेत धरू नयेत, नदीचं पाणी सगळं बिघडवतं.