नववीतल्या मुलाच्या हाती सहा पोरं?

मुलग्यांच्या उन्हाळी शिबिराची नावनोंदणी सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला: "पंधरा वर्षांच्या मुलाकडे सहा पोरं सोपवता, मग तुम्ही मोठी माणसं करता काय?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

ही पद्धत आमची नाही. १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी २० मुलांचं शिबिर भरवलं, तेव्हा त्यांनी मुलांचे चार गट केले आणि प्रत्येकावर एक मोठा मुलगा नायक नेमला. त्यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्डही तिथे होता, पण गटात नव्हता. किरकोळ कामांना मदतनीस म्हणून होता. धाकट्यांसाठी स्काउटची 'कब' ही वेगळी शाखा पुढे १९१६ साली निघाली. नऊ आणि पंधरा वर्षांच्या मुलांना एका फूटपट्टीने मोजता येत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं असावं.

आमच्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे तंबू वेगळे, ताईदादांच्या शेजारी. त्यांची जबाबदारी स्वतःच्या वस्तूंपुरती: ताट, वाटी, बाटली, चपला. ही मुलं दिवसा पाणी कमी पितात. कारण विचाराल, तर बाटलीचं घट्ट झाकण उघडत नाही, आणि रात्री एकट्याने लघवीला जायची भीती वाटते. म्हणून झाकण पहिल्याच दिवशी तपासायचं आणि रात्री जोडीने जायचं, बॅटरी घेऊन. चपला झटकूनच घालायच्या. अंथरूण ओलं झालं तर ते मोठ्या माणसानेच, गाजावाजा न करता बदलायचं.

दहा वर्षांनंतर खरा गट. सात जणांचा: एक नायक, एक उपनायक, बाकी पाच जण दहा ते तेरा वर्षांचे. सख्खे भाऊ एका गटात कधीच नाहीत. नाहीतर धाकटा सगळं दादाकडून करून घेतो. पाणी, सरपण, स्वयंपाक, वाढणी, भांडी ही कामं रोज फिरतात. भांड्यांची पहिली पाळी नायकाची. ती त्याने टाळली, तर पुढचे पाच दिवस त्याचं कोणी ऐकत नाही.

जबाबदारी म्हणजे मदत नव्हे, अख्खं काम. "जरा कांदा चिर" यातून मूल फार काही शिकत नाही. खिचडी दिली तर पूर्ण द्यायची: सात जणांना पाऊण किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ, तिप्पट पाणी, शिवाय बाजूला आधण. खिचडी बिघडते ती बहुतेक वेळा जाळामुळे. उकळी आली तरी पोरं लाकडं आत सारत राहतात. मग खाली करपते, वर कच्ची राहते. उकळी येताच लाकडं मागे ओढायची आणि निखाऱ्यावर शिजू द्यायचं. पातेलं मुलांनी एकट्याने उचलायचं नाही, दोघांनी उचलायचं, आणि ओल्या फडक्याने तर मुळीच नाही; ओल्या कापडातून चटका लवकर बसतो. करपलेली खिचडी आम्हीही तीच खातो. दुसरी शिजवून दिली की शिकवणी संपली.

सगळ्यात अवघड वय तेरा. धाकट्यांत रमत नाही, नायकपद मिळत नाही. मस्ती सुरू होते ती इथूनच. अशाला गाठी शिकवायचं काम द्यावं, तंबूच्या दोऱ्यांचा ताण त्याच्याकडे सोपवावा. सुरी या वयात चालते. कोयता पंधरानंतर, मोठ्यांच्या नजरेसमोर, आणि कोयत्यासह हात ताणून भोवती फिरवला तरी कोणाला लागणार नाही एवढी जागा ठेवूनच.

नायकाचं मुख्य काम मोजणी. डोकी मोजताना तो स्वतःला विसरतो, किंवा मित्र मित्राची हजेरी लावतो. म्हणून प्रत्येकाचा आकडा ठरलेला, तो ज्याने त्यानेच मोठ्याने सांगायचा: जेवणाआधी, निघताना, झोपताना.

आता तुमचा प्रश्न. औषधं, पाण्यात उतरण्याची परवानगी आणि शिक्षा या तीन गोष्टी कोणत्याही नायकाच्या हाती जात नाहीत. शिक्षेचा अधिकार मिळाला की चांगला मुलगाही आठवड्यात दादागिरी करू लागतो. या तीन गोष्टी, रात्रीची गस्त, आणि दिवसभर दहा पावलांवर गप्प उभं राहणं, एवढं आम्ही करतो. त्यातलं गप्प उभं राहणं सगळ्यात कठीण.